नित्य समानता की नुसतं समीकरण? असं तपासा

बरोबरीचं चिन्ह दिसलं म्हणून लगेच सोडवायला बसू नका. चलाच्या प्रत्येक चालणाऱ्या किमतीला खरी ठरते ती नित्य समानता; तसं नसेल तर नुसतं समीकरण. आधी चलाला वेगवेगळ्या किमती द्या. फक्त ० आणि १ वर थांबू नका; क्ष² = क्ष त्या दोन्हींना जुळतं आणि २ घातले की कोसळतं. एक किंमत फसली, तर ते नुसतं समीकरण.

सगळ्या जुळल्या तरी सिद्धता झाली नाही. अपवाद एका चलातील बहुपदींचा: दोन्ही बाजूंची कोटी (चलाचा सर्वांत मोठा घातांक) २ पेक्षा जास्त नसेल, तर ३ वेगळ्या किमती जुळणं पुरेसं.

एरवी किचकट बाजू घ्या आणि सोपी करत दुसरीपर्यंत न्या. त्रिकोणमितीत सगळं साइन-कोसाइनमध्ये लिहिलं की बरंच काम उरकतं. दोन्ही बाजूंचे वर्ग करणं मात्र धोक्याचं: ३ आणि −३ वेगळे, वर्ग दोघांचा ९. छेद शून्य करणाऱ्या किमती वगळल्याचंही लिहा. मुलं हेच विसरतात.