पुण्यात शिकताना फी आणि खर्च कसा भागवला, माझा अनुभव

करमाळ्याहून पुण्याला इंजिनिअरिंगला आले तेव्हा पप्पांनी स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या वर्षाची फी कांदा विकून भरतो, पुढचं आपण बघू. तेव्हा मला वाटायचं की एखादा जॉब धरला की सगळं सुटेल, पण खरं सांगते, जॉबपेक्षा जास्त पैसे कागदांनी वाचवले.

माझ्या वेळी राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत निम्मी ट्यूशन फी मिळायची. आता २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास), ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला पूर्ण ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवं, त्यामुळे मॅनेजमेंट कोट्याच्या नादी लागण्याआधी दहादा विचार करा. उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा, निकालानंतर सेतूत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी सुविधा केंद्रात, पाय ठेवायला जागा नसते.

आणि बँकेचं नक्की बघा. महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे पैसे आधारला जे खातं शेवटचं लिंक असतं तिथे जातात, आणि माझं लिंक होतं आठवीत शाळेनं काढून दिलेलं गावाकडचं खातं, जे कधीच बंद पडलेलं. हप्ता चार महिने अडकला, कॉलेजनं पूर्ण फी आधीच भरून घेतलेली, घरी फोन करायचीसुद्धा लाज वाटायची.

कामाचं म्हणाल तर पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा आणि शिका योजना आहे, फॉर्म कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे मिळतो, सप्टेंबरपर्यंत वाट बघू नका, आल्या आल्या विचारा. मला लायब्ररी मिळाली. परत आलेली पुस्तकं नंबरप्रमाणे रॅकमध्ये लावायची, सुटलेली लेबलं डिंकानं चिकटवायची, जाताना रजिस्टरला सही, एवढंच काम. पैसे थोडे आणि उशिरा यायचे, पण परीक्षेच्या काळात सर स्वतःहून म्हणायचे, आज अभ्यासाला बस. ही सवलत बाहेर कोणी देत नाही बरं का. सेकंड इयरला जास्त पैशांसाठी मी लायब्ररी सोडून कॉल सेंटरची नाइट शिफ्ट धरली, दोनच महिने केली, सकाळी लेक्चरला डोळे उघडायचे नाहीत, एम-थ्रीला (गणिताचा तिसरा पेपर) बॅक लागला, म्हणजे नापास झाले. कामासाठी कोणी आधी डिपॉझिट मागितलं तर तिथून सरळ निघा, माझ्या रूममेटचे असेच पैसे गेले.

नंतर सोसायटीतल्या दोन मुलांची गणिताची शिकवणी धरली, रविवारी संध्याकाळी, कारण तेव्हा मेस बंद असते आणि त्या मुलांची आई मला जेवल्याशिवाय सोडायची नाही. त्या शिकवणीच्या पैशातून मेसच्या काकूंचं मागचं सगळं देणं फेडलं. हप्ता अडकला होता तेव्हा त्यांनी एकदाही डबा थांबवला नव्हता.