मॅटच्या आदेशात कारणेच नाहीत? रिट करताना या चुका टाळा

‘उभय पक्षांना ऐकले, कागदपत्रे पाहिली, अर्जात तथ्य नाही, सबब नामंजूर.’ असा आदेश मॅटकडून, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांचे सेवाविषयक वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडून, आला की नवे वकील उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेत ‘आदेशात कारणे नाहीत’ एवढेच लिहून मोकळे होतात. कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला आणि तो मांडल्याचा पुरावा काय, हे दाखवल्याशिवाय त्या वाक्याला वजन येत नाही.

बडतर्फीच्या एका प्रकरणात कर्मचाऱ्याला चौकशी अहवालाची प्रतच मिळाली नव्हती. मुद्दा भक्कम होता, पण आदेशात त्याचा उल्लेख नव्हता. वकील म्हणाले, तोंडी मांडला होता. मूळ अर्जात तो नव्हता आणि लेखी युक्तिवाद दिलेलाच नव्हता. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने विचारले, मांडला होता कशावरून? सर्वोच्च न्यायालयाने रामदास नायक प्रकरणात (1982) सांगून ठेवले आहे, की सुनावणीत काय घडले याबाबत आदेशातली नोंदच अंतिम; ती चुकली असेल तर आठवण ताजी असताना त्याच पीठाकडे जा. इथे फेरविचाराची मुदतही निघून गेली होती. दोन पानी टिपण देण्याचा कंटाळा एका माणसाच्या नोकरीवर बेतला.

म्हणून मी लेखी युक्तिवाद देतोच आणि पोच घेतो. आदेश आला की कागदावर दोन रकाने आखतो: आपला मुद्दा, आणि त्याचे उत्तर कोणत्या परिच्छेदात. रिकामा राहिलेला प्रत्येक रकाना याचिकेतला एक आधार होतो. तयार मसुद्यात नावे बदलणाऱ्यांना हे कधी सापडणार?

आदेशाच्या जाडीला फसू नका. वीस पाने दोन्ही बाजूंचे म्हणणे उतरवायचे आणि शेवटी एका ओळीत निष्कर्ष, यात कारणे कुठे आली? पुरावा आणि निष्कर्ष यांना जोडणारा दुवा म्हणजे कारण, हे कपूर प्रकरणापासून (1973) ठरलेले आहे. उलट, चार ओळींचा आदेशही पुरेसा असू शकतो.

सरकारी प्रतिज्ञापत्रात मागाहून आलेली कारणे निमूट ऐकून घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाचा मोहिंदर सिंग गिल निकाल (1978) हाताशी ठेवा. मूळ शासकीय आदेश त्यातल्याच कारणांवर टिकला पाहिजे.

थेट सर्वोच्च न्यायालयात धावू नका. सर्वोच्च न्यायालयाच्याच चंद्र कुमार निकालानंतर (1997) मॅटच्या आदेशाविरुद्ध पहिली पायरी उच्च न्यायालयाचे खंडपीठच.

प्रार्थनेत, म्हणजे याचिकेतल्या मागण्यांत, मॅटपुढे फेरसुनावणीची पर्यायी मागणी हवीच, मुदतीसह. मुदत न मागितल्यास प्रकरण परत जाऊन तिथेच पडून राहते, आणि पक्षकार तोवर निवृत्त होतो.