रॉ फाइलपासून रंगीत तेजोमेघापर्यंत: या चुका टाळा

मृग नक्षत्रातील तेजोमेघाची, म्हणजे एम ४२ ची, साध्या डीएसएलआरने रात्रभर घेतलेली छायाचित्रे संगणकावर उघडली की ती बहुधा काळीकुट्ट तरी दिसतात किंवा शेवाळासारखी हिरवी. अशा वेळी नवशिक्याचा हात पहिल्यांदा सॅच्युरेशनच्या, म्हणजे रंगांचा गडदपणा वाढवणाऱ्या, पट्टीकडे जातो, आणि माझ्या मते तीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. रंग बिघडलेला दिसतो तो शेवटी; बिघाड मात्र बहुतेक वेळा आधीच्या एखाद्या टप्प्यावर झालेला असतो, त्यामुळे दुरुस्तीही तिथेच जाऊन करावी लागते.

मुळात रॉ फाइलमध्ये, म्हणजे संवेदकाचे कच्चे आकडे जसेच्या तसे साठवणाऱ्या फाइलमध्ये, रंगीत चित्र नसतेच. कोडॅकमधील ब्राइस बायर यांच्या नावाने १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेनुसार, संवेदकावरील प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच गाळणी बसवलेली असते आणि चार पिक्सेलच्या प्रत्येक चौकोनात हिरव्या गाळण्या दोन असतात. फाइलमध्ये नोंदवले जातात ते केवळ तीव्रतेचे आकडे. प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरून काढण्याच्या क्रियेला डीबेयरिंग म्हणतात. ‘शेजाऱ्यांवरून’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या निम्म्या चुका त्याच्याशीच निगडित आहेत.

पहिली चूक क्रमाची. संवेदकातील उष्ण पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही उजळ दिसणारे पिक्सेल, डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेले छायाचित्र) वजा करून काढायचे असतात. परंतु आधी डीबेयरिंग केले, तर एका पिक्सेलचा दोष शेजारच्या पिक्सेलांत झिरपतो आणि पार्श्वभूमीवर लाल-निळे ठिपके विखुरलेले दिसू लागतात. म्हणून डार्क आणि फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे छायाचित्र, ज्याने भागून कोपऱ्यांतील काळोख व धुळीचे डाग घालवतात) यांचे संस्कार मूळ, एकरंगी आकड्यांवरच करावेत आणि डीबेयरिंग त्यानंतर करावे. डार्क फ्रेमचा अवधी, आयएसओ आणि शक्यतो तापमानही मूळ छायाचित्रांइतकेच असावे.

गाळण्यांचा क्रम चुकीचा सांगितल्याने होणारा घोटाळा अधिक फसवा असतो. संवेदक आरजीजीबी (लाल, हिरवा, हिरवा, निळा) क्रमाचा असताना सॉफ्टवेअरला बीजीजीआर सांगितले, तर लाल आणि निळ्याची अदलाबदल होते. हे ओळखण्याची सोपी कसोटी मृगातच आहे: बीटलज्यूस, म्हणजे काक्षी, हा तारा नारिंगी आणि रायजेल निळसर पांढरा दिसला पाहिजे, उलटे दिसले तर क्रम चुकला. जीबीआरजी सांगितले, तर लाल आणि निळ्या या दोन्ही वाहिन्यांत, म्हणजे चित्राच्या त्या त्या रंगाच्या थरांत, प्रत्यक्षात हिरव्याचीच माहिती जाते, हिरव्या वाहिनीत लाल-निळ्याची सरमिसळ होते, आणि चित्रात जांभळट व हिरवट यांखेरीज दुसरा रंगच उरत नाही. खगोलीय कॅमेऱ्यांच्या फिट्स या प्रकारच्या फाइलमध्ये हे विशेष घडते, कारण काही सॉफ्टवेअर चित्राच्या ओळी वरून खाली वाचतात तर काही खालून वर; चित्र उभे उलटले की आरजीजीबीचा जीबीआरजी होतो. डीबेयरिंगपूर्वी चित्र कातरताना विषम संख्येने पिक्सेल सोडले, तरी क्रम असाच सरकतो. सिरिल या खगोलचित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा क्रम फाइलच्या शीर्षनोंदीतून घेण्याची सोय आहे. पण नोंदच चुकीची असेल तर तो हाताने बदलून एका फाइलवर पडताळावा आणि मगच शंभर फाइलींना हात घालावा.

क्रम बरोबर असूनही चित्र हिरवे दिसत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. हिरवे पिक्सेल दुप्पट असल्याने असे होते, हा समज सर्वत्र ऐकू येतो, पण तो बरोबर नाही. डीबेयरिंगमध्ये त्यांची बेरीज होत नाही. संवेदक हिरव्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देतो आणि रॉ आकड्यांवर तिन्ही रंगांचा समतोल साधणारे व्हाइट बॅलन्सचे गुणक अजून लागलेले नसतात, एवढेच. ताऱ्यांच्या ज्ञात रंगांवरून केलेले रंगसंतुलन हा त्यावरचा खरा उपाय आहे. हिरवा रंग काढून टाकणारे साधन आधीच वापरले, तर खरा दोष झाकला जातो, आणि धूमकेतूच्या शीर्षातील द्विअणू कार्बनाचा खराखुरा हिरवा रंगही त्यात वाहून जातो.

फ्लॅट फ्रेममध्येही रंग दडलेला असतो. निळसर एलईडी फलकावर घेतलेल्या फ्लॅटने भागाकार केला की चित्रातील निळ्याचा वाटा घटतो. सिरिलमध्ये फ्लॅटच्या वाहिन्या समान करण्याचा पर्याय त्यासाठीच दिलेला आहे. फ्लॅटचा हिस्टोग्राम, म्हणजे उजळपणाचा आलेख, तिन्ही रंगांसाठी वेगवेगळा पाहावा, कारण लाल रंग पुरेसा भरण्याआधीच हिरवा काठोकाठ भरलेला असू शकतो. मूळ छायाचित्रांतून बायसची (प्रकाशाविनाही प्रत्येक पिक्सेलमध्ये नोंदल्या जाणाऱ्या आकड्याची) पातळी वजा करायची राहिली, तर भागाकारानंतर कोपरे अवाजवी उजळतात.

काळ्या चित्राचे कारण मात्र साधे आहे. रॉ आकडे प्रकाशाच्या प्रमाणात, सरळ रेषेत वाढतात. १४ बिटांच्या १६,३८४ पातळ्यांपैकी तेजोमेघाचा अंधूक भाग अगदी तळाशी असतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे चित्र आधीच उजळवलेले जेपीईजी असते, म्हणून तिथे सारे छान दिसते. स्टॅकिंग (अनेक छायाचित्रे एकत्र करून एक बनवणे) आणि रंगसंतुलन सरळ रेषेतील आकड्यांवरच उरकावे, स्ट्रेचिंग, म्हणजे अंधूक भाग उजळवणे, त्यानंतर करावे आणि तोवर फाइल आठ बिटांत साठवू नये. सिरिलचे ऑटोस्ट्रेच हे केवळ पाहण्यापुरते असते. ते चालू ठेवून साठवलेली फाइल दुसरीकडे उघडल्यास पुन्हा काळीच दिसेल. ताऱ्यांचे गाभे मात्र चित्रणाच्या वेळीच पांढरे फटक पडले असतील, तर त्यांचा रंग पुढे कोणत्याही युक्तीने परत येत नाही. त्यासाठी काही कमी अवधीची छायाचित्रे सोबत घ्यावी लागतात.

एवढे सगळे नीट करूनही तेजोमेघ गडद लाल न होता फिकट गुलाबीच राहिला, तर दोष तुमच्या प्रक्रियेत नाही. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा मुळात चारांपैकी एकाच पिक्सेलवर नोंदली जाते, आणि साध्या डीएसएलआरच्या संवेदकापुढील गाळणी तीही बऱ्याच अंशी अडवते. त्यावर उपाय म्हणजे ती गाळणी बदललेला कॅमेरा वापरणे किंवा अधिक तास चित्रण करणे.