पिल्लू आणण्याआधी पिंजरा: व्हेल्ड शॅमेलिऑनच्या पहिल्या काही महिन्यांची तयारी

आपल्या रानात दिसणारा सरडगुहिरा, ज्याला बरेच जण घोयरा म्हणतात, तो घरात पाळता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणं, विकत घेणं किंवा जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. रस्ता ओलांडताना सापडला तर काठीवर चढवून पलीकडच्या झाडावर सोडावा, घरी आणू नये.

इथे लिहिलं आहे ते व्हेल्ड शॅमेलिऑन या त्याच्या परदेशी भाईबंदाबद्दल. हा मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या डोंगराळ भागातला. पिंजऱ्यात त्याची पैदास नीट होते, त्यामुळे पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी जगभर हाच सुचवला जातो. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे. भारतात बाळगायचा असेल तर २०२४च्या नियमांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. विकणाऱ्याकडे स्वतःच्या नोंदणीची कागदपत्रं नसतील तर व्यवहार तिथेच थांबवा.

अडीच ते तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू घेऊ नका. बोटाच्या पेराएवढं पिल्लू लोभस दिसतं, पण एका दिवसाच्या चुकीतून सावरण्याएवढी ताकद त्याच्यात नसते. निवडताना डोळे पाहा: दिवसा ते टक्क उघडे, फुगीर आणि सतत फिरणारे हवेत. पाय सरळ हवेत आणि फांदीवरची पकड घट्ट हवी. मागच्या पावलाच्या टाचेवर छोटा टेंगळासारखा काटा दिसला तर तो नर. हा काटा जन्मापासून असतो, त्यामुळे ओळखण्यात घोटाळा होत नाही. पहिल्यांदा पाळणार असाल तर नरच घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. मादी नराशिवायही अंडी घालते आणि त्याची वेगळी तयारी लागते. ती शेवटी सांगितली आहे. आणि एका पिंजऱ्यात एकच. ‘जोडी’ घेऊन ठेवली तर दुबळं पिल्लू खाणं सोडतं आणि आपल्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

आता मुख्य गोष्ट. पिंजरा, दिवे आणि पाणी ही सगळी व्यवस्था पिल्लू येण्याच्या किमान आठवडाभर आधी चालू हवी. शॅमेलिऑन आजार लपवतो. ‘आज बघू, उद्या दुरुस्त करू’ हे त्याच्याबाबत चालत नाही. त्या आठवड्यात रोज सकाळी, दुपारी आणि रात्री तापमान आणि आर्द्रता वहीत लिहा. आकडे स्थिर झाले की मगच पिल्लू आणा.

पिंजरा उभा हवा आणि चारही बाजूंनी जाळीचा. पिल्लाला ४० बाय ४० सेंटिमीटर तळ आणि ७५ सेंटिमीटर उंची पुरते. मोठ्याला ६० बाय ६० बाय १२० लागतोच, म्हणून जागा असेल तर पहिल्यापासून मोठाच घ्यावा. फक्त त्यात झाडोरा दाट हवा आणि खाणं ठरलेल्या जागी मिळायला हवं. माशांची रिकामी काचेची टाकी वापरू नका. तिच्यात हवा कोंडते आणि काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब त्याला दुसरा शॅमेलिऑन वाटतं. पिंजरा जमिनीवर ठेवू नका, टेबलावर किंवा स्टँडवर इतका उंच ठेवा की त्याची वरची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर राहील. वरून झडप घालणारा तो शत्रू, हे त्याच्या अंगातच आहे. पंख्याचा झोत, एसी, टीव्ही आणि येण्याजाण्याची वाट यांपासून पिंजरा दूर असावा. आपल्याकडे आणखी एक सावधगिरी लागते, ती मुंग्यांची. कीटक ठेवले की मुंग्या येणारच. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांची पावडर किंवा खडू पिंजऱ्याच्या आसपास नको.

आत खरी झाडं लावा. मनीप्लँट, जास्वंद आणि फायकस बेंजामिना ही तिन्ही कुठल्याही नर्सरीत मिळतात. व्हेल्ड पानं खातो, त्यामुळे नर्सरीतलं झाड थेट आत ठेवू नका. माती झटकून, मुळं धुऊन, खत नसलेल्या साध्या मातीत लावा, पानं दोन्ही बाजूंनी धुवा आणि महिनाभर बाहेर ठेवा, म्हणजे फवारलेल्या कीटकनाशकाचा अंश कमी होतो. कुंडीतल्या मातीवर तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे गोटे पसरा. पिंजऱ्याच्या तळाला माती किंवा भुसा घालू नका, तळ मोकळा असला की स्वच्छ राहतो. फांद्या पेन्सिलीएवढ्या आणि त्याहून बारीक घ्या, कारण पिल्लाची चिमटीसारखी पावलं फांदीभोवती पूर्ण वळली पाहिजेत. बहुतेक फांद्या आडव्या आणि वेगवेगळ्या उंचीवर बांधा. बाहेर बसण्याची एक जागा असावी आणि पानांत पूर्ण दिसेनासं होण्याचीही एक. तो दिसेनासा झाला तर व्यवस्था चांगली आहे असं समजा.

दिवे दोन लागतात आणि दोघांची कामं वेगळी. एक अतिनील ब (यूव्हीबी) किरणांची ट्यूब: टी-५ एचओ प्रकारची, ५ किंवा ६ टक्क्यांची, पिंजऱ्याच्या रुंदीएवढी लांब. गोल पिळाचे छोटे यूव्हीबी बल्ब स्वस्त पडतात, पण त्यांचा झोत जेमतेम एका ठिपक्यावर पडतो, म्हणून ते घेऊ नका. ट्यूब जाळीच्या वर राहते आणि सगळ्यात वरची फांदी ट्यूबपासून २० ते २५ सेंटिमीटर खाली बांधायची. यूव्ही मोजायचं यंत्र मिळालं तर त्या फांदीवर निर्देशांक ३च्या आसपास यावा. ही ट्यूब दर १२ महिन्यांनी बदला. उजेड तसाच दिसतो, पण उपयोगाचे किरण कमी झालेले असतात आणि ते डोळ्यांना कळत नाही. काचेच्या खिडकीतून येणारं ऊन यात धरू नका, काच हे किरण अडवते. या किरणांशिवाय त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग हाडं मऊ पडतात. पहिल्यांदा पाळलेली किती तरी पिल्लं याच कारणाने जातात.

दुसरा दिवा शेकासाठी. साधा ४० वॅटचा पिवळा बल्ब किंवा लहान हॅलोजन, जाळीच्या वर १० ते १५ सेंटिमीटर उचलून लावा. पिंजऱ्याच्या आत बल्ब कधीही नको, पिल्लू त्यालाच जाऊन चिकटतं आणि भाजतं. शेकाच्या फांदीवर पिल्लाला २७ ते २९ अंश पुरतात, बाकी पिंजरा २२ ते २५. जिथे त्याची पाठ येईल तिथे हाताची मागची बाजू मिनिटभर धरा. चटका जाणवला तर बल्ब वर उचला. मुंबईत किंवा विदर्भात एप्रिल-मेमध्ये खोलीच २९-३०वर जाते, तेव्हा शेकाचा बल्ब बंद ठेवा, अतिनील ट्यूब मात्र चालू. पिल्लू तोंड उघडून, फिकट पडून बसलं असेल तर ते तापलं आहे. ताबडतोब बल्ब बंद करून फवारा द्या. दोन्ही दिवे टायमरवर १२ तास चालवा. रात्री पूर्ण अंधार, लाल-निळे ‘नाइट बल्ब’ नकोत. रात्री १८-२०पर्यंत थंडावा झाला तर त्याला गाढ झोप लागते. पुण्या-नाशिकच्या थंडीत पिल्लाची खोली १५च्या खाली जाऊ देऊ नका, एवढंच.

पाण्यावर जरा थांबू. वाटीत ठेवलेलं पाणी बहुतेक शॅमेलिऑनांना पाणी म्हणून दिसतच नाही. पानाच्या टोकाशी थेंब जमतो, लोंबतो, चमकतो, तेव्हा एक डोळा त्याच्यावर स्थिरावतो, मग दुसराही वळतो, आणि पिल्लू पुढे सरकून थेंब चाटतं. ही चाल पाहिली की व्यवस्था कशी करायची ते आपोआप कळतं. पहाटे दिवे लागण्याआधी दोन मिनिटं आणि रात्री दिवे गेल्यावर दोन मिनिटं, पानं ओली होतील असा बारीक फवारा. दुपारी १५-२० मिनिटं ठिबक. त्यासाठी औषधाच्या दुकानातला नवा, न वापरलेला सलाईनचा सेट उत्तम. वर पाण्याची बाटली आणि चाक फिरवून दर दोन सेकंदांना एक थेंब पानावर पडेल असं लावा. खाली बादली ठेवा. पंप आणि नोझलचा संच असेल तर पाणी आरओचं वापरा, नाहीतर क्षारांनी नोझल महिन्याभरात तुंबतात.

दिवसा पिंजरा वाळला पाहिजे. आर्द्रता दिवसा ३० ते ५० टक्के आणि रात्री ८०च्या वर, हे त्याच्या डोंगरी मुलखातल्या रात्रीच्या धुक्याशी जुळतं. पावसाळ्यात कोकणात दिवसाही आर्द्रता उतरत नाही. तेव्हा फवारा कमी करा आणि खोलीत हवा खेळती ठेवा, नाहीतर श्वसनाचा संसर्ग होतो. उलट अमेरिकेत किंवा युरोपात हीटर लावलेल्या कोरड्या घरात रात्री ह्युमिडिफायर लावावा लागतो. पाणी पुरेसं मिळतंय का हे विष्ठा सांगते. तिच्यासोबतचा घट्ट भाग पांढरा असेल तर ठीक, गडद पिवळा किंवा नारिंगी असेल तर पाणी कमी पडतंय.

खाणं म्हणजे मुख्यतः रातकिडे. आकाराचं माप पिल्लाच्याच डोक्यावर आहे: किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको. तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लाला रोज १० ते १५ छोटे किडे, शक्यतो सकाळी, म्हणजे पचवायला दिवसभर ऊब मिळते. सहा महिन्यांनंतर एक दिवसाआड. अधूनमधून छोटे डुबिया झुरळ, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आणि रेशीमकिडे द्या. रेशीमकिडे तुतीच्या शेतावरून आणणार असाल तर पाल्यावर काही फवारलं नव्हतं ना, हे विचारून घ्या. दिव्याखाली जमलेले किंवा अंगणातले किडे देऊ नका.

किडे मोकळे सोडण्यापेक्षा पेल्यात द्या. उंच, पांढरा प्लॅस्टिकचा पेला घ्या, आतल्या एका बाजूला जाळीचा तुकडा चिकटवा म्हणजे किडे वर चढतात आणि दिसतात, आणि पेला फांदीच्या थोडा खाली टांगा. नेम धरताना दोन्ही डोळे एकाच वेळी पुढे वळतात, तोंड जरासं उघडतं, जिभेचं टोक बाहेर डोकावतं. या क्षणी हलू नका, नाहीतर ते नेम सोडून देतं. संध्याकाळी उरलेले किडे काढून घ्या, उपाशी रातकिडे झोपलेल्या पिल्लाला चावतात.

रातकिड्यांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस कितीतरी जास्त असतो, हे दोन बाजूंनी भरून काढावं लागतं. आधी किड्यांना २४ तास चांगलं खाऊ घाला: शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, संत्र्याची फोड. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. मग देण्यापूर्वी किडे पिशवीत घालून ड-३ नसलेल्या कॅल्शियमच्या पुडीत हलवा. अंगावर हलकी धूळ बसावी, ते पीठ लावल्यासारखे पांढरे होऊ नयेत. हे प्रत्येक खाण्याला. ड-३ असलेलं कॅल्शियम पंधरा दिवसांतून एकदा, आणि अ-जीवनसत्त्व असलेलं मल्टिव्हिटॅमिनही पंधरा दिवसांतून एकदा, वेगळ्या दिवशी. जास्त दिलं तर जास्त बळकट होईल, असं नाही. जादा जीवनसत्त्वांमुळे मानेभोवती पाणी साठून सूज येऊ शकते.

पहिले दोन आठवडे हातात घेऊ नका. पाणी आणि खाणं देताना सोडून पिंजऱ्यात हातही नको. फुसकारणं, काळपट पडणं, फांदीच्या पलीकडे सरकून लपणं याचा अर्थ ‘दूर हो’ एवढाच आहे. पुढे कधी बाहेर काढायचं झालं तर वरून पकडू नका. हात फांदीसारखा समोर धरा आणि त्याला स्वतः चढू द्या. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि पेले-नळ्या स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. रंगावरून लगेच घाबरूही नका. तो मागच्या भिंतीसारखा रंग घेत नाही, रंग बदलतो तो ऊब, उजेड आणि मनःस्थितीनुसार. सकाळी थंडीत काळपट होऊन दिव्याकडे कूस वळवणं किंवा झोपेत फिकट हिरवं पडणं हे नेहमीचंच. कात दर काही आठवड्यांनी तुकड्यातुकड्यांनी निघते, ती ओढून काढू नका.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना. दिवसा डोळे मिटलेले, डोळे खोल गेलेले, फांदीवरची पकड सुटणं, पाय धनुष्यासारखे वाकणं, जबडा मऊ लागणं, जीभ किड्यापर्यंत न पोहोचणं, श्वास घेताना टकटक आवाज. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. असा डॉक्टर प्रत्येक गावात नसतो, म्हणून नाव-पत्ता पिल्लू आणण्याआधीच शोधून ठेवा. पहिल्या महिन्यात ताज्या विष्ठेचा नमुना जंतांसाठी तपासून घ्या. दर आठवड्याला ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या वजनकाट्यावर काटकी ठेवून, तिच्यावर त्याला बसवून, वजन नोंदवा. वाढीच्या वयात वजन दोन आठवडे थांबलं तर काहीतरी बिनसलं आहे.

मादी घेतलीच असेल तर चार-पाच महिन्यांची होताच पिंजऱ्यात किमान ३० सेंटिमीटर खोल ओल्या वाळूचा डबा कायमचा ठेवा. धुतलेली बारीक वाळू घ्या आणि तिच्यात इतकंच पाणी घाला की बोटाने पाडलेलं बीळ ढासळणार नाही. मादी बेचैन होऊन तळाशी फिरू लागली, खाणं सोडलं, की ती जागा शोधते आहे. पिंजऱ्यावर चादर टाका, कारण खणताना कुणी पाहतंय असं वाटलं तर ती काम अर्धवट सोडते आणि अंडी पोटातच अडकतात, आणि ते जिवावर बेततं. मादीला रोज पोटभर खायला घालू नका, आणि वयात आल्यावर शेकही २७ अंशांच्या वर नको. खाणं आणि ऊब जास्त झाली की ती एका वेळी साठ-सत्तरपर्यंतही अंडी घालते आणि तिचं शरीर झिजतं.