भिशीतला आपला नंबर शेजारणीला सोडताना

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील भिशी बहुधा एकाच गल्लीतील बायकांची असते. समजा, बारा जणी दरमहा ५०० रुपये भरतात. जमलेले ६,००० रुपये त्या महिन्याच्या नंबरवालीला मिळतात आणि वर्षभरात प्रत्येकीची पाळी येऊन जाते. धुणीभांडी करणाऱ्या किंवा नाक्यावर रोजंदारीसाठी उभे राहणाऱ्यांच्या घरात एकरकमी सहा हजार हाती येण्याचा बहुतेक वेळा हाच एक मार्ग असतो. त्यामुळे शेजारी आजारपण किंवा अपघात ओढवल्यावर आपला लागलेला नंबर तिला सोडणे ही वाटीभर तांदूळ उसने देण्याहून फार मोठी गोष्ट आहे.

शेजारीण तोंडाने मागेल, याची वाट पाहू नये. संध्याकाळी पत्र्यापलीकडून फोडणीचा आवाज आला नाही, किंवा तिची मुलगी एकाच दिवशी दोनदा चहापत्ती मागायला आली, तर तेवढ्यावरून ओळखावे. विचारायचे ते तिच्या घरात बसून विचारावे, नळावर चार जणींसमोर मुळीच नाही.

मग आपल्या घराचा हिशेब मांडावा. तिसरा नंबर देऊन अकरावा घेतला, तर आपले पैसे आठ महिने पुढे जातात. ते पावसाळ्यापूर्वीच्या नव्या ताडपत्रीसाठी राखले असतील, तर यंदा जुनीलाच ठिगळ लावून भागेल का, हे घरातल्यांशी बोलून ठरवावे, कारण नवऱ्याला किंवा सासूला न सांगता सोडलेला नंबर पुढे दोन्ही घरांत भांडण लावतो. स्वतःच्या बाळंतपणासाठी ठेवलेले पैसे असतील तर नंबर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अदलाबदल भिशी चालवणाऱ्या बाईसमोर करावी आणि तिच्या वहीत दोघींची नावे व नवे नंबर लिहून घ्यावेत. कारण मात्र वहीतही नको आणि गल्लीतही नको. काही भिशा लिलावाच्या असतात. तिथे ज्या बाईला नड मोठी, ती ६,००० ऐवजी ५,२०० वर तयार होते आणि उरलेले ८०० बाकीच्या जणी वाटून घेतात. नड असलेल्या बाईनेच इतरांना नफा द्यायचा, हा प्रकार मला कधीच पटला नाही. आपली भिशी तशी असेल, तर त्या महिन्यापुरती बोली लावू नये, असे इतरांना आधीच एकेकीला भेटून सांगावे.

खरी अडचण पुढे असते. रक्कम उचलली तरी शेजारणीला उरलेले हप्ते भरावेच लागतात, आणि तिचा नवरा पाय मोडून पडला असेल, तर महिन्याचे ५०० रुपये येणार कुठून? हप्ता चुकल्यास तूट कोणी भरायची, हे रक्कम हाती देण्यापूर्वीच ठरवावे. नंबर सोडणारीने मदतीतला आपला वाटा आधीच दिलेला असतो, म्हणून तूट तिच्यावर टाकू नये. उरलेल्या दहा जणींनी पन्नास-पन्नास रुपये घातले की हप्ता पूर्ण होतो आणि भिशी बुडत नाही.

हे पैसे फुकट मिळू शकणाऱ्या गोष्टींवर जाऊ नयेत, याकडेही लक्ष द्यावे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचे भाडे नसते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, परंतु त्या मागाव्या लागतात. त्यासाठी व महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड लागते, तेव्हा घाईत निघताना तिच्या पिशवीत ही कागदपत्रे आपणच घालावीत. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, पण दुकानातल्या यंत्रावर अंगठा कार्डातल्याच माणसाचा लागतो; आपण तिच्याऐवजी रांगेत जाऊन भागत नाही. तिची मुले दोन तास आपल्याकडे ठेवली, की ती स्वतः जाऊ शकते.

जेवण पाठवायचे झाल्यास आपल्या घरी शिजले तेच, रोजच्याच डब्यातून पाठवावे. आपल्याकडे शेजारचे भांडे रिकामे परत करत नाहीत. आमच्या गल्लीतील एका बाईने घरात काही नसताना डब्यात कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या घालून तो परत केला होता. असा डबा आला, तर ‘हे कशाला?’ असे म्हणू नये. कढीपत्ता घ्यावा आणि त्याच संध्याकाळच्या आमटीत घालावा.