धाब्यावरून युरोपा कसा बघायचा

पृथ्वीबाहेर जीव शोधायचा तर आधी पाणी शोधतात, आणि असं पाणी जिथे असावं तो युरोपा हा गुरूचा चंद्र आपल्या जळगाव-धुळ्याच्या घरांच्या धाब्यावरून, म्हणजे गच्चीवरून, साध्या दुर्बिणीतून दिसतो, खरंच.

१० बाय ५० ची दुर्बीण, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची, पुरते. गावातले लाइट टाळा, शेतात केळीच्या बागेपलीकडे मोकळी जागा असली तर अजून भारी. गुरू ओळखायचा म्हणजे खूप तेजस्वी आणि न लुकलुकणारा ठिपका. हात हलतात, सगळा घोळ तिथेच होतो, म्हणून खाटेवर आडवं व्हा नाहीतर कोपर कठड्यावर टेकवा आणि श्वास रोखून बघा. शेजारी एका रेषेत चारपर्यंत बारीक ठिपके दिसतील, ते गुरूचे मोठे चंद्र, गॅलिलिओनं १६१० मध्ये हेच पाहिलं. युरोपा कोणता ते स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या ॲपवर बघा, तो चौघांत सगळ्यात छोटा आणि बऱ्याचदा गुरूच्या उजेडात हरवतो, मग दुसऱ्या रात्री परत बघा कारण साडेतीन दिवसांत त्याची एक फेरी होते. रोज वहीत ठिपके काढा.

युरोपाच्या बर्फाखाली खारा समुद्र असल्याचे भक्कम पुरावे आहेत. पृथ्वीवर समुद्रतळाच्या गरम झऱ्यांपाशी सूर्याशिवाय जीव जगतात, सुरुवातही तिथेच झाली असं काही शास्त्रज्ञ मानतात, म्हणून एवढी ओढ. नासाचं युरोपा क्लिपर हे यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालंय, २०३० मध्ये पोचेल. ते थेट जीव शोधणार नाही, तिथे जगता येईल का एवढंच तपासेल.