फॅन्डममध्ये उतरण्याआधी

ठाण्यात विज्ञानकथा वाचणारे पुष्कळ. सकाळच्या लोकलमध्ये दिसतात, मराठी ग्रंथ संग्रहालयात दिसतात. फॅन्डममध्ये, म्हणजे जमून कथांवर बोलणाऱ्या चाहत्यांच्या गोतावळ्यात, उतरणारे मात्र मोजके. नव्यांना वाटतं, भरपूर वाचलं की माणूस आपोआप तिकडे जातो, बढती मिळाल्यासारखा. तसं काही नसतं. वाचणं एकट्याचं, फॅन्डम चारचौघांचं. ह्यूगो गर्न्सबॅकने १९२६ साली अमेरिकेत विज्ञानकथांचं मासिक काढलं आणि त्यात वाचकांची पत्रं पत्त्यासकट छापली. लोक एकमेकांना लिहू लागले, क्लब निघाले, घरगुती अंक निघाले. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथेचं पहिलं जागतिक संमेलन भरलं ते याच मंडळींच्या खटपटीतून.

आता सापळा. पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच कुणीतरी म्हणतं, "पुढच्या वेळी जागेचं तू बघशील ना?" भिडेखातर आपण हो म्हणतो. मग जागा, मग चहाचे पैसे, मग कोण येणार कोण नाही याचे निरोप. घोडबंदर रोडला अडकलेल्यांचे फोन. आत कथेवर वाद रंगलेला असतो आणि तुम्ही जिन्यात उभे राहून कुणाला तरी पत्ता समजावत असता. हळूहळू कथा न वाचताच बैठकीला जायला लागता. वाईट म्हणजे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण सगळ्यांच्या लेखी सर्वांत सक्रिय तुम्हीच! माझ्या पुस्तकातली खूण अख्खा पावसाळा चाळिसाव्या पानावर होती.

म्हणून काम जरूर घ्या, पण वाचनाला लागून असलेलं. कथेचं टिपण काढा, जुना दिवाळी अंक शोधून आणा.

आणि "आधी ही शंभर पुस्तकं वाच, मग ये" म्हणणाऱ्या गुरूंपासून चार हात लांब राहा. विज्ञानकथांना मिळणाऱ्या ह्यूगो पुरस्काराला मत द्यायलासुद्धा सभासदाची वर्गणी लागते, परीक्षा नाही.

नुसतं वाचत राहिलात तरी काही बिघडत नाही. बैठका न करताही भाग घेता येतो. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली होती. तुम्ही तुमच्या नावाने पाठवा.

आणि जागेचं विचारलंच, तर सरळ सांगा: या महिन्यात मी कथा वाचून येणार आहे, जागेचं दुसरं कुणी बघा.